सुनेचा हात

हाडवैद्याची सून गवताच्या गंजीवरून पडली तेव्हा हाडवैद्य अंगणात एका शेळीच्या मोडक्या पायाला कामट्या बांधत बसला होता. शेळीची मालकीण तिचं डोकं मांडीवर दाबून धरून तिची समजूत घालत होती. घरामागून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्याच्या बायकोची, म्हातारीची हाक आली. पण म्हाताऱ्यानं हातातली गाठ पुरी केल्याशिवाय मान वर केली नाही. अर्धी बांधलेली पट्टी सोडायची नाही, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरेना. जवळची कुरणं करपून गेली होती आणि थंडीच्या आत मिळेल तिथून गवत आणून ठेवायची घरोघर धांदल होती. मुलगा बैलगाडी घेऊन लांबच्या कुरणाकडे गेला होता. त्यानं आधी पाठवलेले भारे सून एकटीच रचत होती. गोठ्यात दोन गाई नुकत्या व्यालेल्या. धारा, शेण, वैरण, वासरांना पाजणं, सगळं तिच्यावरच. म्हातारीचे गुडघे धरलेले, आणि म्हातारा गोठ्यात पाय टाकायचा तो फक्त एखादं जनावर लंगडायला लागलं तरच.

तो मागे गेला तेव्हा सून गंजीला टेकून बसली होती. डाव्या हातानं तिनं उजवा हात पोटाशी धरला होता. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, जिथं सांधा नाही तिथं हात वाकला होता. ती रडत नव्हती. म्हाताऱ्याला पाहून तिनं डोक्यावरची शाल सारखी करायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यानंच तिचा चेहरा पांढरा पडला.

शेळीवाली मागोमाग आलीच होती. ती म्हणाली, बाजारगावात नवा दवाखाना झालाय, तिथं हाडाचा फोटो काढतात.

"फोटो लग्नात काढतात," म्हातारा म्हणाला. "हाड हातानं बसतं."

शेळीवाली हसली, पण म्हाताऱ्याला तिचं दवाखान्याचं बोलणं लागलं. दवाखाना झाल्यापासून त्याच्या अंगणातली गर्दी ओसरली होती. जुनी माणसं अजून यायची, गुरं यायची. पण चार पैसे बाळगून असलेली माणसं परस्पर बाजारगाव गाठायची. गिरणीवाल्याची आई घसरून पडली तेव्हा गिरणीवाल्यानं म्हाताऱ्याच्या दारावरूनच मोटार नेली, आणि दार आलं तेव्हा मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. ज्या गिरणीवाल्याचा निखळलेला खांदा म्हाताऱ्यानं तो पोरसवदा असताना एका झटक्यात बसवला होता, तो. आता स्वतःची सून दवाखान्यात पाठवायची म्हणजे दारावर कुलूपच लावायचं.

त्यानं तिला अंगणात आणून चटईवर बसवलं. त्याचं काम बघण्यासारखं असायचं, यात खोटं काही नाही. तो डोळे मिटायचा आणि बोटांनी बघायचा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं, एक अंगठ्याच्या अंगाचं, एक करंगळीच्या. हात पालथा केला की एक दुसऱ्यावरून वळतं. दोन्ही मोडली होती. त्यानं म्हातारीला कोपर धरायला लावलं आणि पंजा धरून हळूहळू ताण दिला. सुनेनं शालीचं टोक दातात धरलं. आत कुठंतरी कर्र झालं, मग टोकं एकमेकांवरून सरकली आणि जागेवर गेली. ते त्याला बोटांतून असं कळलं जसं अंधारात कडी बसल्याचं कळतं. त्यानं डोळे उघडले. हात सरळ होता.

"सून आहे की दगड," शेळीवाली कौतुकानं म्हणाली. "चकार शब्द नाही काढला."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. त्यानं कामट्या लावल्या, वरून पट्टी फिरवली. घरात काम पडलेलं, मुलगा गावाला. ही बाई काही हात गळ्यात अडकवून बसायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. हाड हलू नये म्हणून त्यानं पट्टीला नेहमीपेक्षा एक पीळ जास्त दिला.

रात्रभर सुनेच्या खोलीतून कण्हणं ऐकू येत होतं. म्हाताऱ्यानं कूस बदलली. हाड मोडलंय, दुखणारच.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. शेळीवालीनं गावभर सांगितलं होतं, की वैद्यबुवांनी सुनेचा मोडका हात असा बसवला, की कळलंसुद्धा नाही. मान धरलेला एक सुतार आला, पाऊल मुरगळलेली एक पोरगी आली, आणि दुपारच्या सुमाराला गिरणीवाला स्वतः आला. पोतं उचलताना त्याची कंबर धरली होती. तो एका बाजूला कलंडून चालत होता आणि बसताना भिंतीचा आधार घेत होता. आईचं दुखणं त्यानं काढलं नाही, म्हाताऱ्यानंही विचारलं नाही. त्याला पालथं झोपवून म्हातारा कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या आखडलेल्या स्नायूंवर अंगठे फिरवू लागला. दोर वळावेत तसे ते ताठले होते. गिरणीवाला हुंकार देत होता आणि सांगत होता, की शेवटी तुमच्या हाताची सर कशाला नाही. म्हाताऱ्याला वाटत होतं, हे अजून चार जणांनी ऐकावं.

तेवढ्यात म्हातारी दारात आली. तिनं हळू आवाजात सांगितलं, की सुनेची बोटं फुगलीत. आधी मुंग्या येत होत्या, आता त्याही येत नाहीत म्हणते. जरा उघडून बघता का.

सगळे ऐकत होते. म्हाताऱ्यानं सुनेला बाहेर बोलावलं. तिची बोटं दुधानं तटतटलेल्या सडांसारखी झाली होती. त्यानं मनगटापाशी बोट ठेवलं. नाडी चालू होती, चांगली चालू होती. नाडी आहे तोवर हात आहे, हेही बापानंच शिकवलेलं. मग बोटं मोकळी आहेत हे दाखवायला त्यानं तिची मिटलेली बोटं धरून सरळ केली, आणि सून ओरडली. हाड बसवताना न ओरडलेली बाई एवढ्यानं ओरडली, त्यानं तो स्वतःच दचकला. आणि दचकला म्हणूनच बोलला.

"एवढं नाजूक होऊन कसं चालेल? काल तर दगड म्हणत होते तुला."

सुतार हसला. पोरगीची आई हसली. पालथा पडलेला गिरणीवालाही हसला आणि कंबर दुखल्यानं थांबला. सुनेचा चेहरा लाल झाला. म्हाताऱ्यानं सांगितलं, हात उंच ठेव, उतरेल. ती आत गेली.

पट्टी सोडायला कितीसा वेळ लागला असता? चार वेढे. पण गिरणीवाल्यासमोर स्वतःच बांधलेली पट्टी स्वतः सोडायची म्हणजे बांधणं चुकलं हे कबूल करायचं. माणसं गेल्यावर बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं. माणसं उशिरा गेली. तोवर सून गोठ्यात जाऊन डाव्या हातानं धारा काढत होती. तिनं पुन्हा काही म्हटलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

सकाळी तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "आता दुखत नाही, मामंजी."

म्हाताऱ्याला आधी हायसं वाटलं. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं निळसर होती. ती अंगणातल्या वासराकडे बघत उभी होती. त्यानं तिच्या मधल्या बोटाला चिमटा काढला, चांगला नख लावून. ती वासराकडेच बघत राहिली.

त्यानं कात्री घेतली. पट्टी कापली गेली, कामट्या सुटल्या. हातावर पाण्याचे फोड आले होते आणि कामट्यांच्या खुणा खोल उमटल्या होत्या. कोपराखालच्या मांसल भागावर त्यानं अंगठा दाबला. मऊ लागायला हवं तिथं ओंडक्यावर दाबल्यासारखं लागलं. आयुष्यभर माणसांचे हातपाय चाचपले होते त्यानं. हाडाइतकं कठीण मांस त्याच्या बोटांना कधी लागलं नव्हतं.

गावात मोटार फक्त गिरणीवाल्याकडे होती. म्हातारा स्वतः गेला. गिरणीवाल्याच्या दारात उभं राहून त्यानं सांगितलं, की सुनेला बाजारगावात न्यायचंय. गिरणीवाल्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. अजून कंबर वाकडीच होती त्याची, तरी त्यानं गाडी काढली, आणि मान म्हणून म्हाताऱ्याला पुढं, आपल्याशेजारी बसवलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हाताऱ्याला सगळी वाट वाटत राहिलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्याच्या नातीच्या वयाची होती. तिनं हाताचा फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. दोन्ही हाडं टोकाला टोक भिडून उभी होती, आखल्यासारखी.

"हाड कोणी बसवलं?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"छान बसवलंय, बाबा. आम्हाला उघडून बसवावं लागलं असतं."

अशी शाबासकी एरवी त्यानं महिनाभर मिरवली असती.

मग डॉक्टरीण सुनेचा हात तपासू लागली. तिनं सुईचं टोक लावलं, बोटं हलवायला सांगितली. हाताच्या स्नायूंवर चिवट पिशव्या असतात, असं ती तपासता तपासता सांगत होती. मोडलेल्या हाडाची सूज आत भरते. पिशवी ताणत नाही, आणि वरून पट्टी आवळलेली. मग बारीक नसांतलं रक्त मांसापर्यंत पोचत नाही. मोठी नाडी मात्र चालूच राहते, त्यानं माणूस फसतो. म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि आपला नाडी बघणारा हात खिशात घातला.

"बोटांतली जाणीव कधी गेली?" डॉक्टरिणीनं विचारलं. "नीट आठवून सांगा."

सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं नाही. "आज सकाळी," ती म्हणाली. "उठले तेव्हा."

"म्हणजे फार वेळ झालेला नाही. आत्ताच चिरून पिशव्या मोकळ्या करू या." डॉक्टरीण लगबगीनं उठली आणि परिचारिकेला हाका मारत बाहेर गेली.

खोलीत दोघंच राहिली. सून समोरच्या भिंतीकडे बघत होती. म्हाताऱ्याला कळत होतं, की तिनं त्याची लाज राखली. ज्या माणसानं तिचं भर अंगणात हसं केलं त्याला तिनं झाकलं होतं, आणि त्यालाही ते झाकण हवं होतं. तो तसाच बसला. बाहेर भांडी खळखळल्याचा आवाज येत होता. मग त्याला सुचलं, की वेळ उगाच कुणी विचारत नाही. तोही विचारायचा, कधी पडलास, कधी सुजलं. आणि उत्तरावर ठरवायचा, ओढायचं की थांबायचं.

तो उठून बाहेर गेला. व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांना त्यानं कधी ना कधी बांधलेलं होतं, त्यांनी ओळखून हात जोडले. खिडकीशी गिरणीवाला उभा होता. डॉक्टरीण हात धूत होती.

"आज सकाळी नाही," म्हातारा म्हणाला. आवाज नको इतका मोठा निघाला. "काल दुपारी. तिनं काल दुपारीच सांगितलं होतं. मी पट्टी सोडली नाही."

डॉक्टरीण वळली. "का?"

सांगण्यासारखं बरंच होतं. नाडी होती. बापानं तसंच शिकवलं होतं. नाडीनं माणूस फसतो, असं तीच आता म्हणाली होती.

"माणसं बसली होती," तो म्हणाला.

गिरणीवाला खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरिणीनं हात पुसले. चिरायचं रद्द झालं. एवढा वेळ गेल्यावर आतलं बरंचसं मांस मेलेलं असणार, ती म्हणाली. ते उघडलं तर त्यात पू होईल, आणि अख्खा हातच काढायची पाळी येईल. आता हात नीट आधारानं ठेवायचा, मेलेल्या मांसाचं विष मूत्रपिंडात उतरून लघवी काळपट होते का बघायचं, आणि जे जिवंत राहील ते राहील.

"बरं झालं बोललात," ती म्हणाली. तिचा सूर काही शाबासकीचा नव्हता.

सून बरेच दिवस दवाखान्यात राहिली. निरोप मिळताच मुलगा गवत टाकून परत आला. तो आरडाओरडा करेल, याची म्हाताऱ्यानं तयारी ठेवली होती. किंबहुना त्याची तो वाटच बघत होता. मुलगा गोठ्यात गेला, गाईंना पाणी दाखवलं, आणि बाहेर येऊन हात धूत म्हणाला, "बाबा, त्या गिरणीवाल्याचा हात असता तर उघडून बघितला असतात." त्यानंतर त्यानं बापाशी तो विषय काढला नाही. दुसरेही फारसे काढले नाहीत.

हाड जुळलं. सरळ जुळलं. पण मांस वाळून आखडत गेलं, तशी बोटं आत वळत गेली. अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट थोडं थोडं हलायचं, बाकीची तीन पक्ष्याच्या पंजासारखी मिटून राहिली. डॉक्टरिणीनं रोज कोमट पाण्यात हात धरून बोटं ताणायला सांगितलं होतं. म्हातारा पाणी तापवून द्यायचा. बोटं ताणायची ती म्हातारी किंवा मुलगा. एकदा म्हातारीचे गुडघे फारच धरले होते म्हणून तो पुढे झाला, तर सुनेनं हात शालीत ओढून घेतला. सहज ओढल्यासारखा. तो पाण्याचं भांडं ठेवून निघून गेला.

धारा आता तोच काढायचा. गाईंना त्याचा हात ओळखीचा नव्हता. एक पान्हा चोरायची, दुसरी लाथ मारायची. दूध काढता काढता त्याच्या स्वतःच्या बोटांना कळा यायच्या, मनगटाचे सांधे ठणकायचे. रोज एवढं काम सून दोन वेळा करत होती, आणि पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ते डाव्या हातानं केलं होतं. ते आठवलं की तो गाईच्या पोटाला डोकं टेकून बसून राहायचा.

अंगणात माणसं यायची थांबली नाहीत, ही त्यातली आणखी एक गोष्ट. गावातली थांबली, पण लांबलांबची यायची, ज्यांच्यापर्यंत फक्त त्याचं नाव पोचलं होतं. तो त्यांना दवाखान्यात जा म्हणायचा. त्यांना वाटायचं, म्हातारा भाव खातो आहे. मग ती गयावया करायची. तेव्हा तो सुनेला हाक मारायचा. ती येऊन उंबऱ्यात उभी राहायची. तो म्हणायचा, हा हात बघा, मग ठरवा. माणसं बघायची, चुकचुकायची आणि निघून जायची. हात कोणी बांधला, हे त्यानं सांगितलेलं नसायचं. कित्येकांना वाटायचं, या हातावर त्याचाही इलाज चालला नाही.

थंडी उतरणीला लागली होती तेव्हा एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं. बाप पोरीला खांद्यावरून घेऊन चालत आला होता. तिचं कोपर सुजून टम्म झालं होतं. म्हाताऱ्याचा हात सवयीनं पुढं गेला. त्यानं पोरीचा हात आपल्या मांडीवर घेतला, सुजेच्या कडेनं बोटं फिरवली. बोटांना कळलं, कोपराच्या वरच मोडलंय. वाईट जागा. तो म्हणाला, दवाखान्यात न्या, लगेच न्या. बापानं त्याचे पाय धरले. फार लांबून आलो, तुमचंच नाव ऐकून आलो, तुमच्या हातगुणावर आमचा भरवसा आहे.

"सूनबाई," म्हाताऱ्यानं हाक मारली. "जरा बाहेर ये. हात दाखव यांना."

ती दारात आली. उजवा हात शालीत होता. तो बाहेर निघाला नाही.

"माझा हात दाखवू नका, मामंजी," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या तोंडानं सांगा."

ती आत गेली नाही, तिथंच उभी राहिली. बाप कधी म्हाताऱ्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. पोरगी मुसमुसत होती.

म्हाताऱ्यानं सांगायला सुरुवात केली. आधी त्यानं सुनेचं पडणं सांगितलं, हाड कसं बसवलं ते सांगितलं, आणि मध्येच थांबला. कारण हे सगळं आपण चांगलं केलेलंच सांगतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं जास्तीचा पीळ सांगितला. दारात आलेली म्हातारी सांगितली. बोटं ओढली तेव्हा सून ओरडली ते सांगितलं, आणि आपण काय बोललो ते शब्द जसेच्या तसे सांगितले. माणसं हसली हे सांगितलं. मग तिनं पुन्हा काही म्हटलं नाही, आणि आपणही विचारलं नाही, हे सांगितलं.

बाप ऐकत होता, पण त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मुलीची आई तेवढी पुढं सरकली. म्हाताऱ्याच्या मांडीवर अजून पोरीचा हात होता. बोलण्याच्या भरात तो ठेवून घेतल्याचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी तो उचलला, पोरीला दुखू नये असा, हळूच, आणि आपल्या छातीशी घेतला. मग ती नवऱ्याला म्हणाली, चला.

म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून त्यांना बाजारगावाची वाट दाखवली.